तीन सेंटची नोट : अमेरिकेची जुनी फ्रॅक्शनल करन्सी जमवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

दुकानदाराने सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवली, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत अगदी हेच चाललं होतं, फक्त गोळीच्या जागी टपालाचं तिकीट होतं. यादवी युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. १८६१ च्या डिसेंबरअखेर बँकांनी कागदी पैशाच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं आणि लोकांनी हाती लागेल ते नाणं घरात दडवलं. ट्रामचं भाडं, पाव, वर्तमानपत्र कशालाच सुट्टे मिळेनात. लोक तिकिटं देऊ-घेऊ लागले, तर ती घामाने चिकटून त्यांचा गोळा व्हायचा. तेव्हा ट्रेझरीचे, म्हणजे सरकारी अर्थखात्याचे, कोषपाल फ्रान्सिस स्पिनर यांनी सरकारी कागदावर तिकिटं चिकटवून पाहिली, आणि त्या कल्पनेतून सेंटांच्या नोटा जन्माला आल्या. १७ जुलै १८६२ ला कायदा झाला, २१ ऑगस्टला पहिल्या नोटा बाहेर पडल्या. १८७६ पर्यंत ३, ५, १०, १५, २५ आणि ५० सेंटच्या मिळून सुमारे ३६ कोटी ८७ लाख डॉलरच्या नोटा निघाल्या. हीच फ्रॅक्शनल करन्सी.

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली अकरा वर्षं या नोटा जमवते आहे. सुरुवातीला मला सांगणारं कोणी नव्हतं. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती ज्याला आधीच अर्धं कळतं त्याच्यासाठी लिहिलेली असते. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगते : या छंदात नोटेवरचं चित्र शेवटी बघायचं, आधी कागद बघायचा. मला हे उशिरा समजलं आणि त्याचे पैसे मोजावे लागले.

आधी जवळ काय हवं

फार काही नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग. मिलिमीटरच्या स्पष्ट खुणांची पारदर्शक पट्टी. मागून प्रकाश टाकायला छोटा सपाट एलईडी दिवा किंवा पांढऱ्या पडद्याचा टॅब्लेट. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी. तिकीटसंग्राहक वापरतात ती छिद्रं मोजायची पट्टी, जी पहिल्या मालिकेसाठी लागतेच. मायलर या पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं. आणि एक वही. संगणकावर नोंद ठेवली तरी चालेल, पण पहिल्या वर्षी तरी हाताने लिहा. लिहिताना आपण नोटेकडे दुसऱ्यांदा बघतो.

पांढरे सुती हातमोजे मात्र घेऊ नका. मोज्यात बोटाला कागद कळत नाही आणि कडा अडकून फाटते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, तेवढं पुरे.

१. पाच मालिका चेहऱ्यांवरून ओळखायला शिका

एकही नोट विकत घेण्याआधी हे करा. दोन संध्याकाळी पुरतात.

पहिली मालिका ऑगस्ट १८६२ ते मे १८६३. तिच्यावर 'पोस्टेज करन्सी' असं छापलेलं आहे आणि चित्रं चक्क टपालतिकिटांची आहेत. पाच सेंटवर जेफरसनचं तपकिरी तिकीट, दहावर वॉशिंग्टनचं हिरवं. पंचवीसवर जेफरसनची पाच तिकिटं, पन्नासवर वॉशिंग्टनची पाच. म्हणजे ज्याला आकडे वाचता येत नव्हते त्यालाही तिकिटं मोजून किंमत कळत होती.

दुसरी मालिका ऑक्टोबर १८६३ पासून. चारही नोटांवर वॉशिंग्टन आणि त्याच्या चेहऱ्याभोवती कांस्यचूर्णाचं लंबगोल कडं. फोटो काढून बनावट नोटा छापणाऱ्यांना अडवण्यासाठी ते घातलं होतं. आज ते कडं बहुतेक नोटांवर काळपट किंवा हिरवट झालेलं दिसतं, तो दोष समजू नका. पाठीच्या रंगावरून किंमत कळते : पाचची तपकिरी, दहाची हिरवी, पंचविसाची जांभळी, पन्नासाची लाल.

तिसरी मालिका ५ डिसेंबर १८६४ पासून, आणि माझ्या मते सगळ्यांत रंगतदार. तीन सेंटची नोट फक्त याच मालिकेत आहे. साधं पत्र टाकायला तेव्हा तीन सेंट लागत. पाच सेंटच्या नोटेवर स्पेन्सर क्लार्क आहेत. हे कोणी राष्ट्रपुरुष नव्हते, तर नोटा छापणाऱ्या सरकारी विभागाचे प्रमुख होते. एका अधिकाऱ्याने स्वतःचाच चेहरा नोटेवर छापला याचा काँग्रेसमध्ये एवढा संताप झाला की ७ एप्रिल १८६६ च्या कायद्याने जिवंत माणसाचं चित्र अमेरिकी चलनावर छापायला बंदी आली. ती आजही आहे. याच मालिकेत पंचवीस सेंटवर फेसेंडेन आणि पन्नासवर खुद्द स्पिनर, दोघेही तेव्हा हयात. पन्नासचीच दुसरी नोट आहे, तिच्यावर तराजू घेतलेली न्यायदेवता बसली आहे. ग्रँट आणि शर्मन या दोन सेनापतींची पंधरा सेंटची नोट तयार होती, पण ती व्यवहारात आलीच नाही. तिचे फक्त नमुने मिळतात.

चौथी मालिका जुलै १८६९ पासून. लाल मोठा शिक्का आणि कागदात रेशमाचे धागे ही तिची खूण. दहावर स्वातंत्र्यदेवी, पंधरावर कोलंबिया, पंचवीसवर वॉशिंग्टन. पन्नासच्या मात्र तीन वेगवेगळ्या नोटा आहेत : लिंकन, मग स्टँटन, मग डेक्स्टर. कारण पुढे येईलच.

पाचवी मालिका फेब्रुवारी १८७४ ते फेब्रुवारी १८७६. दहावर मेरिडिथ, पंचवीसवर वॉकर, पन्नासवर क्रॉफर्ड. तिघेही ट्रेझरीचे माजी सचिव. या सगळ्यांत स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या नोटा.

२. काय जमवायचं ते एका ओळीत लिहा

वहीच्या पहिल्या पानावर. हे टाळलं की वर्षभराने तुमच्याकडे चाळीस नोटा असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

तीन वाटा सुचवते. पहिली, प्रत्येक मालिकेची एक नोट, एकूण पाच. दुसरी, प्रत्येक किमतीची एक, एकूण सहा. तिसरी, समोरच्या चित्रानुसार सगळे प्रकार : पहिल्या मालिकेचे चार, दुसरीचे चार, तिसरीचे सहा, चौथीचे सहा, पाचवीचे तीन, म्हणजे तेवीस. हा तेवीसचा संच घाई न करता तीन-चार वर्षांत पुरा होतो आणि सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात आहे. तिसऱ्या मालिकेत लाल पाठ आणि हिरवी पाठ असे भेद आहेत, सह्या हाताने केलेल्या किंवा छापलेल्या असे भेद आहेत, कोपऱ्यांतल्या अक्षरांचे भेद आहेत. त्यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. न्यायदेवतेच्या पन्नास सेंटमध्ये 'एस-२-६-४' अशी अक्षरं पाठीवर असलेल्या नोटा या छंदातल्या सर्वांत दुर्मीळ चिजांपैकी आहेत. त्यांची माहिती असू द्या, म्हणजे कोणी 'स्वस्तात' देऊ केली तर सावध व्हाल.

३. पहिल्या तीन नोटा झिजलेल्याच घ्या

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना सुरुवातीला पटलं नाही. नवा माणूस चकचकीत, कोरी नोट शोधतो. पण कोरी नोट प्लास्टिकच्या बंद पाकिटात येते आणि पाकिटातल्या कागदापासून तुम्ही काही शिकत नाही.

पाचव्या मालिकेची दहा सेंटची एक, तिसऱ्याची तीन सेंटची एक आणि पहिल्या मालिकेची सरळ कडेची पाच सेंटची एक, अशा तीन वापरलेल्या, पण फाटक्या नसलेल्या नोटा घ्या. अशा साध्या नोटा साधारण वीस ते पन्नास डॉलरच्या दरम्यान मिळतात, तीन सेंटची थोडी जास्त पडू शकते. घरी आणून पाकिटाबाहेर काढा. तिरप्या प्रकाशात धरा. बोटाच्या टोकाने शाईचा उठाव जाणवतो का बघा. मागून दिवा लावा. घडीच्या जागी कागद कसा विरळ होतो, टाचणीची भोकं कशी दिसतात, हे डोळ्यांत साठवा. त्या काळात लोक या नोटा टाचणीने एकत्र टोचून ठेवत, त्यामुळे भोकं सर्रास असतात.

माझी पहिली मेरिडिथ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मऊ, मळकी, मधोमध घडी पडलेली. नवी नोट घेताना मी आधी तिला हात लावते आणि मग नव्या नोटेकडे वळते.

४. फ्रीडबर्ग क्रमांक वाचायला शिका

अमेरिकी कागदी चलनाची सगळी खरेदी-विक्री रॉबर्ट फ्रीडबर्ग यांच्या सूचीतल्या क्रमांकांवर चालते. फ्रॅक्शनलचे क्रमांक १२२६ पासून सुरू होतात आणि १३८१ ला संपतात. १२२६ आणि १२२७ या तीन सेंटच्या दोन नोटा : पहिलीत वॉशिंग्टनच्या मागची पार्श्वभूमी फिकी, दुसरीत गडद. क्रमांक मालिकेप्रमाणे नाहीत, किमतीप्रमाणे लावले आहेत. आधी तीन सेंटच्या सगळ्या, मग पाचच्या सगळ्या, असं करत पन्नासपर्यंत. हे न कळल्यामुळे पहिले काही महिने मी यादीत भलत्याच जागी शोधत होते.

क्रमांकाचा फरक अगदी बारीक खुणेवर असतो आणि त्या खुणेवर किंमत बदलते. दोन उदाहरणं घ्या.

पाचव्या मालिकेच्या दहा सेंटवर शिक्का हिरवा असेल तर १२६४. लाल असेल तर शिक्क्यातली किल्ली बघायची : लांब, बारीक असेल तर १२६५, आखूड, जाड असेल तर १२६६. पंचवीस सेंटलाही हाच भेद आहे, १३०८ आणि १३०९. लाल शिक्क्याच्या दोन्ही नोटा सहज मिळतात. हिरवी त्यांच्यापेक्षा कमी दिसते.

चौथ्या मालिकेच्या दहा सेंटवर लाल शिक्का कधी ४० मिलिमीटरचा, कधी ३८ चा. म्हणून ती पट्टी हवी. विक्रेत्याने लिहिलेल्या क्रमांकावर विसंबू नका, प्रत्येक वेळी स्वतः मोजा. चूक बहुतेकदा अप्रामाणिकपणाची नसते, घाईची असते, पण पैसे तुमचेच जातात.

५. कागद वाचा

आता माझी चूक सांगते.

पहिल्या मालिकेच्या नोटा दोन तऱ्हांनी सुट्या केल्या होत्या. काहींच्या कडा तिकिटासारख्या छिद्रांच्या, काहींच्या सरळ कापलेल्या. शिवाय पाठीवर कोपऱ्याजवळ अमेरिकन बँक नोट कंपनीची आद्याक्षरं गुंफलेली मुद्रा (मोनोग्राम) असते किंवा नसते. या दोन गोष्टींतून प्रत्येक किमतीचे चार प्रकार होतात. पाच सेंटमध्ये १२२८ ते १२३१, दहामध्ये १२४० ते १२४३. सरळ कडेची आणि मुद्रेची नोट सगळ्यांत सामान्य. छिद्रांची नोट महाग, आणि छिद्रं असून मुद्रा नसलेली त्याहून महाग.

दुसऱ्याच वर्षी एका प्रदर्शनात मी दहा सेंटची छिद्रांची नोट घेतली. हिरवा रंग ताजा, कोपरे टोकदार, चारही बाजूंना छिद्रं. खिशातले जवळजवळ सगळे पैसे दिले. घरी येऊन छिद्रं मोजायची पट्टी लावली तर छिद्रं बसेनात. अस्सल नोटेवर दोन सेंटिमीटरमध्ये बारा छिद्रं येतात, पन्नास सेंटच्या काही नोटांवर चौदा. माझ्या नोटेवर एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दहा बसत होती. भिंगाखाली छिद्रांच्या कडा स्वच्छ, पांढऱ्या दिसल्या. दीडशे वर्षांचा मळ कागदावर होता, छिद्रात नव्हता. सरळ कडेची रुंद समासाची साधी नोट घेऊन कोणीतरी नंतर तिला छिद्रं पाडली होती. नोट खरी, प्रकार खोटा.

त्या रात्री मी खूप वेळ बसून होते. वाईट वाटलं ते पैशांचं कमी, आणि एक चांगली रुंद समासाची नोट कायमची खराब झाली याचं जास्त.

तेव्हापासून मी प्रत्येक नोटेला हे प्रश्न विचारते :

कडा. चारही बाजू एकसारख्या जुन्या दिसतात का? एखादी बाजू करकरीत पांढरी असेल तर ती नंतर कापलेली आहे. सुरुवातीला ट्रेझरीत नोटांचे ताव कात्रीने कापले जात आणि स्पिनर यांनी या कामावर स्त्रियांना नेमलं. सरकारी कचेरीत बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या त्या अशा. त्यामुळे समास वाकडेतिकडे असणं हा दोष नाही, ती जन्मखूण आहे. उलट सगळे समास आरशासारखे सारखे असतील तर मीच आधी संशय घेते.

मुद्रा. पाठीवर मुद्रा 'नाही' असं सांगितलं असेल तर त्या जागी दिवा धरा. खरवडून काढली असेल तर तिथे कागद विरळ दिसतो, भिंगाखाली तंतू उभे राहिलेले दिसतात.

पाणी. धुतलेली, दाबून सरळ केलेली नोट सपाट आणि मेलेली वाटते. शाईचा उठाव गेलेला असतो, कागदाची नैसर्गिक लहर गेलेली असते. जांभळा आणि लाल रंग पाण्याने आधी उतरतात. दुसऱ्या मालिकेची पंचवीस सेंटची पाठ राखाडी दिसली तर विचारा.

थर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मालिकेतल्या काही नोटा तंतुमय कागदावर छापल्या आहेत. हा कागद पातळ थर चिकटवून केलेला आणि कोपऱ्यांवर सुटतो. तो दुर्मीळ असल्यामुळे साध्या कागदाच्या नोटेला कोणी 'फायबर पेपर' म्हणून विकतं. तिरप्या प्रकाशात कडेचे थर दिसले नाहीत तर ते म्हणणं मानू नका.

सही. तिसऱ्या मालिकेत काही नोटांवर सह्या प्रत्यक्ष हाताने केलेल्या आहेत. स्पिनर यांची सही लांब, वेटोळ्यांची, एकदा पाहिली की विसरत नाही. हाताची शाई कागदात मुरते आणि कधी कधी कागद खाते, छापील सही फक्त वर बसते. भिंगाने दोन्हींतला फरक लगेच कळतो.

६. त्या काळच्या बनावट नोटा

पन्नास सेंट म्हणजे तेव्हा मजुराच्या दिवसाच्या कमाईचा बऱ्यापैकी भाग. म्हणून बनावट छापणाऱ्यांचा डोळा पन्नासच्या नोटांवर. चौथ्या मालिकेत लिंकनची नोट निघाली, तिच्या बनावट नोटा सुटल्या, म्हणून स्टँटनची काढली. तिच्याही बनावट आल्या, म्हणून डेक्स्टरची. सीक्रेट सर्व्हिस हे खातं १८६५ मध्ये स्थापन झालं तेच मुळी बनावट चलन पकडण्यासाठी. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण हे काम त्याच्याकडे नंतर आलं.

ओळखायचं कसं? अस्सल नोट पोलादी ठशावरून छापलेली आहे. चेहऱ्यावरच्या रेषा भिंगाखाली अखंड, धारदार दिसतात. बनावटीत डोळे आणि केस यांत गडबड असते, रेषा तुटक किंवा चिखलासारख्या पसरलेल्या. चौथ्या मालिकेत कागदातले रेशमी धागे खरे आहेत की वर रेघा ओढल्या आहेत ते भिंगाखाली धाग्याच्या सावलीवरून कळतं. नोटेला सुई लावायची नाही. आजच्या छापील नकला तर अतिनील प्रकाशात निळ्या-पांढऱ्या चमकतात, कारण आधुनिक कागदात पांढरेपणा आणणारं रसायन असतं. जुना कागद मंद, पिवळट राहतो.

काही संग्राहक त्या काळच्या बनावट नोटाही मुद्दाम जमवतात. तुम्ही सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. बनावट अमेरिकी चलन कितीही जुनं असलं तरी जप्त होऊ शकतं.

याच बनावट नोटांमुळे एक सुंदर वस्तू तयार झाली. १८६६-६७ मध्ये ट्रेझरीने एकाच बाजूला छापलेले ३९ नमुने ढालीच्या आकाराच्या चौकटीत चिकटवून बँकांना विकले, साडेचार डॉलरला एक. शंका आलेली नोट त्याच्याशी ताडून बघायची. अशी शाबूत ढाल आज कित्येक हजार डॉलरची आहे. तिच्यावरून सोडवलेले सुटे नमुने मात्र बाजारात येतात. पाठीवर जुन्या गोंदाचा डाग असेल तर तो ढालीवरून आलेला समजा. त्यामुळे किंमत कमी होते, पण ग्रँट-शर्मनचा पंधरा सेंट बघायला मिळण्याचा हाच परवडणारा मार्ग आहे.

७. प्रतवारी

पीएमजी आणि पीसीजीएस बँकनोट या दोन संस्था नोटेला सत्तरपैकी गुण देऊन बंद पाकिटात घालतात. ढोबळ हिशेब असा : १२ ते १५ बरीच वापरलेली पण धड, २० ते ३५ चांगली, ४० ते ४५ थोड्या घड्या, ५० ते ५८ जवळजवळ कोरी, ६० च्या वर कोरी. कागद मूळ स्थितीत असेल तर पीएमजी तशी वेगळी नोंद करते. दुरुस्ती, कापणी, धुणं असेल तर तसंही लिहिते. हा छोटा मजकूर गुणांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. मागच्या बाजूलाही शेरा असतो, पाकीट उलटून बघा.

पन्नास डॉलरच्या नोटेची प्रतवारी करून घेऊ नका, खर्च निघत नाही. छिद्रांची पहिली मालिका, तंतुमय कागद, हातसही, यांपैकी काहीही असेल तर मात्र नवख्याने प्रतवारी झालेलीच नोट घ्यावी. मी तसं केलं असतं तर वरची गोष्ट घडली नसती.

८. कुठून घ्यायची

प्रदर्शनात आधी जा. जानेवारीत फ्लोरिडातलं 'फन' नावाचं प्रदर्शन आणि उन्हाळ्यात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं प्रदर्शन मोठी, पण तुमच्या जवळच्या शहरातलं छोटं रविवारचं प्रदर्शनही चालेल. विक्रेत्याला सरळ सांगा की मी नवी आहे, शिकते आहे. चांगला विक्रेता नोट पाकिटाबाहेर काढून दाखवतो. काढू देत नसेल तर 'थँक यू' म्हणून पुढे जा. भाव करायला संकोचू नका, तिथे तो रीतीचा भाग आहे. पण नोटेला नावं ठेवून भाव पाडू नका.

लिलावात बोली लावण्याआधी जुने निकाल बघा. हेरिटेज या लिलावगृहाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की मागच्या विक्रीच्या किमती फोटोंसकट फुकट दिसतात. त्याच क्रमांकाच्या, त्याच प्रतीच्या निदान पाच विक्री बघून मनातला आकडा ठरवा, आणि त्यातून लिलावगृहाचं कमिशन वजा करूनच बोली लावा. हे कमिशन वीस टक्क्यांच्या आसपास असतं आणि नवा माणूस ते हमखास विसरतो.

ऑनलाइन बाजारात फक्त समोरच्या बाजूचा फोटो असेल तर पाठीचा मागा. चारही कडा फोटोत दिसल्या पाहिजेत. 'आजोबांच्या पेटीत सापडली' या वाक्यासाठी एक सेंटही जास्त देऊ नका.

सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स ही १९६१ पासूनची संस्था आहे, आणि फक्त फ्रॅक्शनलसाठी फ्रॅक्शनल करन्सी कलेक्टर्स बोर्ड आहे. एकीचं तरी सभासदत्व घ्या. माझ्या प्रश्नांना सगळ्यांत धीराने उत्तरं तिथल्या ज्येष्ठ मंडळींनी दिली.

९. जपणूक

मायलरच्या पाकिटात, अंधारात, कोरड्या जागी. माळा, तळघर आणि न्हाणीघराशेजारचं कपाट या तीन जागा टाळा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटाला विशिष्ट प्लास्टिकचा वास येतो. तसा वास आला की नोट त्यातून लगेच काढा, काही वर्षांत ते पाकीट चिकट होऊन शाई ओढतं.

लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, इस्त्री नाही, खोडरबर नाही. आपल्याकडे जुना कागद दिसला की तो 'नीट' करण्याची घाई होते. डाग आहे तसा राहू द्या.

१०. कागदपत्रं

प्रत्येक नोटेसाठी वहीत आणि एका फोल्डरमध्ये :

- फ्रीडबर्ग क्रमांक, मालिका, किंमत, शिक्क्याचं किंवा छिद्रांचं स्वतः घेतलेलं माप
- दोन्ही बाजूंचे फोटो, पट्टी शेजारी ठेवून
- बिल किंवा लिलावाची पावती
- प्रतवारी असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक, जो संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलेला असावा
- कोणाकडून, कुठे, केव्हा

घराच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत नोटा-नाण्यांसाठी मर्यादा फार कमी असते. संग्रह हजार डॉलरच्या पुढे गेला की विमा कंपनीला लेखी विचारा.

भारतात सुट्टीवर जाताना नातेवाइकांना दाखवायला नोटा सोबत न्याव्यात असं वाटतं. माझा सल्ला : फोटो न्या. या नोटा आजही अमेरिकेचं वैध चलन आहेत, तीन सेंटच्या नोटेचे आजही तीन सेंट मिळतात, म्हणजे त्या नुसती जुनी वस्तू नाहीत, पैसाही आहेत. शिवाय भारतातून शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे परत येताना विमानतळावर खुलासा करत बसावं लागू शकतं. न्यायच्याच असतील तर बिल, फोटो आणि प्रतवारीचा क्रमांक यांची प्रत जवळ ठेवा आणि जाण्याआधी सीमाशुल्क खात्याचे नियम विचारून घ्या. भारतात राहून इथल्या लिलावातून मागवत असाल तर टपालखर्च, विमा आणि तिथला कर धरून मगच बोलीचा आकडा ठरवा. पाकिटावर किंमत कमी लिहायला विक्रेत्याला सांगू नका. नोट हरवली तर भरपाईही तेवढ्याच कमी किमतीची मिळते.

छिद्रं पाडलेली ती दहा सेंटची नोट मी विकली नाही. विकली असती तर ती पुन्हा कोणा नव्या माणसाच्या हाती गेली असती. तिच्या पाकिटावर शाईने 'छिद्रं नंतर पाडलेली' असं लिहून ठेवलं आहे, आणि कोणी शिकायला घरी आलं की छिद्रं मोजायची पट्टी आणि ती नोट मी आधी त्यांच्या हातात देते.